दोन ट्रान्सफॉर्मर आणि दादाचं बोट

दादा वीज बोटाने ओळखायचा. आधी टेस्टर, मग बोट. टेस्टर चुकेल, बोट चुकणार नाही, असा त्याचा हिशेब. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं आणि त्याची मागची बाजू तारेला हळूच टेकवायची. मागचीच का, तर करंट लागला की मूठ मिटते. तार तळव्यात असेल तर ती मुठीतच अडकते, पण बोटाची पाठ टेकवली असेल तर हात आपोआप तारेपासून सुटतो. खात्यातल्या सगळ्या जुन्या वायरमनांची ही रीत होती आणि दादा वायरमन म्हणून लागून सुपरवायझर होऊन निवृत्त झाला होता. नुसत्या बोटाने तो सांगायचा, हा पुरा करंट आहे, हा ओल्या भिंतीतून पाझरतोय, हा कुठेतरी साठून राहिलाय. मला लहानपणी ते देवाच्या अंगात येण्यासारखं वाटायचं. पुढे मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक झाले, तेव्हा मला तो शुद्ध मूर्खपणा वाटायला लागला. तसं मी त्याला बोलूनही दाखवायचे.

"प्रोफेसरीणबाई," तो म्हणायचा, "तुमची विद्या पुस्तकात. आमची अंगात."

मी प्रोफेसर नव्हते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, मी लग्न केलं नाही. त्यामुळे ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं भाऊबहीण कोथरूडला एका सोसायटीत तळमजल्यावर राहत होतो. मागच्या बाजूला तेव्हा अजून ज्वारी उभी असायची. निवृत्तीनंतर दादाने गॅलरी बंद करून घेतली, तिथे एक टेबल टाकलं आणि जुने रेडिओ दुरुस्त करायला घेतले. लोकांकडे टीव्ही आले होते, काचेच्या व्हॉल्व्हांचे मोठे रेडिओ माळ्यावर पडले होते. दादा ते मागून आणायचा, उघडायचा, पुसायचा आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यातून कोणीतरी बोलायला लागायचं. त्याला दुसरं काही नको होतं. देवळात जायचा नाही, पत्ते खेळायचा नाही, नातेवाइकांशी त्याचं पटायचं नाही, आणि याचं कारण त्याची जीभ होती.

या रेडिओंपैकी काही जातीचेच वाईट. स्वस्तात पडावेत म्हणून त्यांत ट्रान्सफॉर्मर घातलेलाच नसायचा. भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एक सरळ आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली. त्या सांगाड्याला दादा चासी म्हणायचा. प्लगला दोनच पिना. एका बाजूने खोचला तर चासी निर्धोक, उलटा खोचला तर अख्ख्या चासीत घरचा दोनशे तीस व्होल्टचा करंट. बाहेर लाकडी पेटी होती तोवर ठीक. पण दुरुस्तीला पेटी काढावीच लागते. म्हणून दादा पायाखाली लाकडी पाट घ्यायचा आणि प्रत्येक वेळी चासीला बोट टेकवून बघायचा.

एका दुपारी मी आत तांदूळ निवडत होते. गॅलरीतून दादाने विचारलं, "काय जळतंय गं?"

मलाही वास आला. केस जळल्याचा असतो तसा. मी गॅस बघितला, देवघर बघितलं. गॅलरीच्या दारात आले तर दादा नाक वर करून वास घेत बसला होता, आणि त्याच्या डाव्या हाताचं बोट सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या टोकाला टेकलेलं होतं. त्यातून बारीक धूर निघत होता. तो माझ्याकडे बघत होता, शांतपणे, उत्तराची वाट बघत.

मी ओरडले. त्याने खाली पाहिलं आणि हात उचलला, तोही सावकाश, कोणाचा तरी दुसऱ्याचा हात बाजूला करावा तसा.

मधुमेह होता, हे आम्हाला माहीत होतं. हातापायांना मुंग्या येतात म्हणून वर्षभर त्याची कुरकुर चालली होती. मग ती थांबली, तेव्हा बरं वाटायला लागलं असं दोघांनीही समजून घेतलं. डॉक्टरांनी त्याचे डोळे मिटायला लावले आणि बोटांना एकामागून एक सुई टोचली. दादा डोळे मिटून म्हणाला, "सुरू करा की." डॉक्टरांचं तोवर सगळं झालं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आता ते बोटाने बघणं बंद." तो म्हणाला, "बरं." इतक्या चटकन तो कधी कुठल्या गोष्टीला बरं म्हणाला नव्हता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग तो दिवस आला, ज्याची आठवण मला आजही नको असते. सकाळची वेळ होती, कॉलेजला सुट्टी होती. चहा झाला म्हणून सांगायला मी गॅलरीत गेले. दादा पाटावर उभा होता, डावा तळहात रेडिओच्या उघड्या चासीवर टेकवून, उजव्या हाताने स्क्रू फिरवत, गुणगुणत. टेबलाच्या कडेला टेस्टर पडला होता. माझ्या मनात काय आलं सांगता येत नाही. मी तो उचलला, त्याच्या मागच्या टोकाला अंगठा ठेवला आणि पुढचं टोक दादाच्या मनगटाला लावलं.

टेस्टर पेटला.

चांगला लालभडक पेटला. भिंतीतल्या प्लगच्या भोकात पेटतो तसा माझ्या भावाच्या मनगटावर पेटला. चासी पूर्ण जिवंत होती आणि तिच्यावर हात ठेवून दादाही तितकाच भरलेला उभा होता. पाट कोरडा होता म्हणून करंटला खाली जायला वाट नव्हती, एवढ्यावरच तो वाचला होता. त्याने भिंतीला कोपर टेकवलं असतं, एक पाय फरशीवर ठेवला असता, तर संपलं असतं.

"काय गं?" तो गुणगुणणं थांबवून म्हणाला. "मी बघितलं होतं. बोट लावून बघितलं. काही नव्हतं."

मी बटण बंद केलं आणि गॅलरीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो भांडला नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिला. पेपर मांडीवर, पान उलटत नव्हता. दहा दिवसांत त्याचं जेवण निम्म्यावर आलं. मी चिडून म्हटलं, "असा बसलास तर मरशील." तो म्हणाला, "मग किल्ली दे. तिथे निदान लवकर होईल." पुणेरी माणसाला रडता येत नाही, तो असं काहीतरी बोलतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. टेबल ठेवलं तर भाऊ जाणार आणि टेबल काढलं तरी भाऊ जाणार, एवढंच मला दिसत होतं.

उपाय मला प्रयोगशाळेत सुचला. ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकांना कुठेही जोडलेली नसतात. एकातली वीज दुसऱ्यात जाते ती मधल्या लोखंडाच्या चुंबकत्वातून. भिंतीतल्या विजेची ओढ जमिनीकडे असते, म्हणून आपण जमिनीवर उभे राहून तिला शिवलो की ती आपल्यातून जाते. दुसऱ्या वेटोळ्यातल्या विजेचा जमिनीशी संबंधच उरत नाही. तिच्या एका तारेला शिवलं तर तिला आपल्यातून जायचं कारण नसतं. दोनशे तीसचे दोनशे तीसच देणारा असा ट्रान्सफॉर्मर तयार मिळायचा, पण आमच्यासारख्यांना नाही. मात्र साधे लहान व्होल्टचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडले तर काम होतं. पहिला दोनशे तीसचे चोवीस करतो आणि उलटा लावलेला दुसरा त्या चोवीसचे पुन्हा दोनशेच्या आसपास करून देतो.

रविवारी मी जुन्या बाजारात गेले. जमिनीवर ताडपत्री टाकून जुन्या मशिनींचे सुटे भाग विकणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, त्यांच्या बापापासून त्यांची जागा तीच. मी काय मागतेय ते त्यांना माझ्याआधी कळलं. पोत्यातून त्यांनी दोन काळे, जड ट्रान्सफॉर्मर काढले.

"ताई, दोन्ही एकाच मशिनीतले आहेत," ते म्हणाले. "घरात कोणाला करंट लागला होता का?"

"नाही," मी म्हटलं. "लागत नाही, म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ट्रान्सफॉर्मर कागदात गुंडाळून दिले.

आठवडाभर खपून मी लाकडाच्या पेटीत ते दोन्ही बसवले, मध्ये फ्यूज घातला, वर एक सॉकेट. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा पेटी गुणगुणायला लागली, अगदी दादासारखी, तोंड मिटून. मीटरने दोनशे व्होल्ट दाखवले. आता खात्री करायची होती आणि ती दादावर करायची नव्हती. मी चपला काढल्या, फरशीवर अनवाणी उभी राहिले, दुसरा हात पाठीमागे घेतला, मधलं बोट वाकवलं आणि त्याची पाठ एका उघड्या तारेला टेकवली.

काही नाही. दुसऱ्या तारेला टेकवलं, तिथेही काही नाही. दोनशे व्होल्टला मी शिवत होते आणि बोटाखाली थंड तांबं होतं, बस्स. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या आधी भीती वाटली. दादाला आता सगळं जग असं लागत असणार, हे मला त्या क्षणी कळलं.

कुलूप काढलं. दादाने पेटीभोवती एक फेरी मारली. रेडिओ जोडला. तीस व्होल्ट कमी, त्यामुळे तो उशिरा तापला आणि आतून घसा बसलेल्या माणसासारखा आवाज आला.

"ह्याला सर्दी झालीय," दादा म्हणाला. पण दुपारी तो पोटभर जेवला.

दोन दिवसांनी त्याने मला हाक मारली. त्याने माझ्या पेटीच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला होता. आतला लहानसा दिवा मिणमिणत होता, अगदी फिका, आहे की नाही असा. मग त्याने टेस्टर दुसऱ्या भोकात घातला. तिथेही तसाच.

"दोन्हीकडे लागतोय," तो म्हणाला.

"तो खोटा आहे. दोन वेटोळी जवळजवळ असतात, त्यातून जरासं झिरपतं. त्यात दम नसतो. लक्ष देऊ नकोस."

"दोन्हीकडे टेस्टर लागला म्हणजे काय, ते मला शिकवू नकोस."

"दादा, मी केलंय ते. मला माहितीये. तू फक्त वापर."

मला कॉलेजची घाई होती. मी त्याला नीट समजावलं नाही, झिडकारलं. त्याच्या जन्मभराच्या कामात दोन्ही भोकांत टेस्टर लागण्याचा एकच अर्थ होता, की न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, कुठेतरी तुटलाय आणि तो ताबडतोब जोडायचा. शाळकरी पोराला बे एके बे तसं ते त्याला पाठ होतं. हे मला माहीत होतं. तरी मी पर्स उचलली आणि गेले, ही माझी चूक, आणि ती मी दुसऱ्या कोणावर ढकलू शकत नाही.

पुढचा दीड महिना चांगला गेला. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा गॅलरीतून पेटीची ती गुणगुण आणि त्यावर रेडिओचा आवाज ऐकू यायचा. मध्येच एखाद्या दिवशी आवाज बंद असे आणि गुणगुण तेवढी चालू असे. तेव्हा मी चपला न काढता आत जायचे. तो खुर्चीत डुलकी घेत असायचा.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी फरशी पुसली, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकू मांडलं आणि त्याला बाहेर बोलावलं. तो म्हणाला, "इथेच ओवाळ. हा आत्ता कुठे बोलायला लागलाय." त्याचा डावा हात चासीवर होता. एका जागी दाबून धरलं की खरखर थांबते, हात काढला की सुरू होते, म्हणून तो सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, सण आहे, निदान पाटावर तरी बस. तो टेबलाजवळ पाट ओढून वर मांडी घालून बसला, हात उंच करून चासीवर तसाच. रेडिओ माझ्या पेटीवर चालत होता म्हणून मला त्या हाताची धास्ती वाटली नाही. पेटी मी केली होती.

मी डाव्या हातात ताम्हण धरलं. करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवून कुंकवात फिरवलं. अनवाणी होते, फरशी अजून ओली होती. मी वाकले आणि भावाच्या कपाळाला बोट टेकवलं.

कोणीतरी खांद्यापासून हात उपटला असं वाटलं. दात एकमेकांवर आपटले. ताम्हण खाली पडलेलं मी ऐकलं, पाहिलं नाही. भान आलं तेव्हा मी भिंतीशी बसले होते, निरांजन विझून तेल फरशीवर पसरलं होतं, आणि मला शॉक रेडिओचा नाही, दादाच्या कपाळाचा बसला होता.

दादा पाटावरून कलंडला होता, त्याचा हात चासीवरून सुटला होता. मी सरपटत जाऊन बटण बंद केलं. वळून पाहिलं तर त्याने मान एका बाजूला धरली होती आणि त्याचा चेहरा उजळला होता. मी खोटं सांगत नाही. त्याचे डोळे चमकत होते.

"लागला," तो म्हणाला. "अगं, मला लागला! मानेत, जबड्यात. चांगला लागला."

मी इतकी घाबरले नव्हते कधी. विजेची नाही, त्या चेहऱ्याची भीती वाटली. फार दिवसांनी घरी कोणी परत यावं, तसा तो आनंदला होता.

मग त्याला मी दिसले. भिंतीशी, केस सुटलेली, उजवा हात डाव्याने धरलेला. त्याचा चेहरा उतरत गेला.

मी पेटी उचलून पाहिली. भिंतीतल्या अर्थिंगच्या भोकातून एक हिरवी तार निघून पेटीच्या मागून आत गेली होती आणि सॉकेटच्या एका भोकाला जोडली होती. सुंदर काम होतं. दर दोन इंचांवर दोऱ्याची गाठ, खात्यात बांधायचे तशी.

"न्यूट्रल सुटला होता तुझा," तो हळूच म्हणाला. "जोडून दिला. मग टेस्टर एकाच भोकात लागायला लागला. मला वाटलं, झालं सरळ."

त्या एका तारेने माझ्या पेटीतल्या विजेला पुन्हा जमिनीची वाट दाखवली होती. दीड महिना तो रोज त्या चासीवर हात ठेवत होता, आणि प्लग कुठल्या बाजूने खोचलाय यावर त्याचा जीव टांगलेला होता.

"चासी बघितली नाहीस?"

"बघितली की. बोटाने."

मी रडायला लागले. रागाने रडत होते. म्हटलं, मी ही तार कापून टाकते, पेटीला कुलूप लावते, तू आत हात घालायचा नाहीस, सगळं पहिल्यासारखं होईल.

"पेटी होईल गं पहिल्यासारखी," तो म्हणाला. "बोटाचं काय करशील?"

मी डोळे पुसले.

"माझं काही झालं असतं तर झालं असतं. त्याचं मला काही नव्हतं. पण तू..." त्याने टेबलावरची पक्कड घेतली आणि रेडिओची वायर हातात धरली. मग थांबला. "बटण बंद आहे का, बघून सांग."

जन्मात त्याने हे कोणाला विचारलं नव्हतं. मी उठून पाहिलं. "बंद आहे," म्हटलं. त्याने बोट लावून पाहिलं नाही. वायर कापली. प्लग आणि त्याला लोंबणारी वीतभर वायर त्याने माझ्या रिकाम्या ताम्हणात ठेवली आणि म्हणाला, "ही ओवाळणी. आता पुन्हा लाव, कुंकू फिसकटलंय."

मी तेल पुसलं, निरांजन पुन्हा पेटवलं, बोट ओलं केलं. तो पाटावर सरळ बसला, दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटून. माझा हात त्याच्या कपाळापर्यंत जाऊन दोनदा मागे आला. घरात काहीही चालू नव्हतं, हे मी स्वतः पाहिलं होतं. तिसऱ्या वेळी मी बोट टेकवलं. काही झालं नाही. त्याने डोळे उघडले नाहीत. नुसतं विचारलं, "लावलंस?"